‘खाडीदर्शन’चा संस्थापक आणि त्रेसष्ट नावं

“दोन तासांचं काम! कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत संपवते!” रविवारी सकाळी सव्वादहा वाजता अबोली सातपुतेनं आईला ठणकावून सांगितलं आणि लॅपटॉप उघडला.

अबोली म्हणजे सव्वीस वर्षांची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी. रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची. कुठलीही गोष्ट एकदा मोजून तिचं समाधान होत नसे, तीनदा मोजायची. घरी आलेल्या दुधाचीसुद्धा त्यातून सुटका नव्हती. दूधवाल्यानं सातपुत्यांचं दार कधीच सोडलं होतं. आता आई वैजयंतीबाई ऐरोली स्टेशनजवळच्या डेअरीतून पिशवी आणायच्या आणि येताना ती पदराखाली लपवायच्या.

सुट्टीच्या दिवशी ही मुलगी आंतरजालावरच्या मुक्त ज्ञानकोशातल्या नोंदी दुरुस्त करायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी आभारही मानत नव्हतं. तिचा नियम एकच होता. ज्या वाक्याला स्वतंत्र, छापील संदर्भ नाही, ते वाक्य उडवायचं! अशा एकशे अकरा नोंदी तिनं साफ केल्या होत्या. एकशे बारावी नोंद होती ‘खाडीदर्शन’.

खाडीदर्शन ही ऐरोलीतली केबलवरची स्थानिक वाहिनी. सकाळी भजनं, दुपारी कुणाच्या तरी हळदीचं चित्रण, संध्याकाळी पाणी कधी येणार नाही याची बातमी. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत अख्ख्या गावठाणाचे वाढदिवस. एवढ्याशा वाहिनीवरची नोंद चार हजार शब्दांची होती!

नोंदीची सुरुवातच ‘श्री गावदेवी प्रसन्न’ अशी. त्याखाली ‘संस्थापक, अध्यक्ष व आधारस्तंभ मा. हरेशशेठ तांडेल’. मग प्रेरणास्थान, मार्गदर्शक, निमंत्रक, शुभेच्छुक, समस्त तांडेल परिवार. अबोलीनं नावं मोजली. तीनदा मोजली. त्रेसष्ट! आणि सगळ्यात शेवटी चौकटीत: ‘आमच्या काकांचं चॅनेल बघायचं हं! – आरू, पिहू, स्वरा, शिवांश.’

“हा ज्ञानकोश आहे की लग्नपत्रिका?” अबोली एवढ्या जोरात ओरडली, की स्वयंपाकघरात वैजयंतीबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली.

रागानं तिचे कान लाल झाले. ते लाल झाले की घरातले लोक आपापल्या खोलीत जातात. तिनं खटाखट कळा दाबल्या आणि चार हजार शब्दांचे दहा केले. ‘खाडीदर्शन ही नवी मुंबईतील ऐरोली येथील केबल दूरचित्रवाणी वाहिनी आहे.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘बाकी कशालाही संदर्भ नाही.’ स्वयंपाकघरात तिसरी शिट्टी झाली. अबोली जिंकली आणि हात धुऊन पानावर बसली.

जेवून येते तो त्रेसष्ट नावं परत हजर! कारणाच्या रकान्यात तीनच शब्द: ‘कोन हाय तू??’

तिनं उडवली. ती परत आली. तिनं पुन्हा उडवली. ती पुन्हा आली, पण या खेपेला क्रम बदलून! तांडेलांच्या मधल्या घरातली नावं वर गेली होती, थोरल्या घरातली खाली. त्यानंतर थोरल्या घरातल्या कुणीतरी येऊन मधल्या घराला ‘शुभेच्छुक’मध्ये ढकललं. चार वाजेपर्यंत नोंद बावीस वेळा बदलली, आणि त्यातल्या सातच वेळा अबोलीनं. उरलेले पंधरा बदल तांडेल परिवाराचे होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकमेकांवरच!

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खाडीकाठच्या या घरांत पत्रिकेवरचं नाव ही चेष्टा नाही. कुणाचं नाव कुणाच्या वर आलं यावरून सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नाहीत. नाव घालायचं राहून गेलं तर अपमान होतोच. पण घातलेलं नाव काढणं? ते आजवर कुणी केलंच नव्हतं. अबोलीनं ते एका कळीसरशी त्रेसष्ट जणांच्या बाबतीत केलं होतं!

शिवाय हे तिनं स्वतःच्या पूर्ण नावानं केलं होतं. ज्ञानकोशात लोक ‘निळापक्षी९९’ वगैरे नावं घेतात. अबोलीचं म्हणणं, प्रयोग करणाऱ्यानं नाव लपवायचं नसतं. म्हणून तिथं चक्क लिहिलेलं, ‘अबोली श्यामसुंदर सातपुते, ऐरोली’.

संध्याकाळी सात वाजता वैजयंतीबाई बाहेरच्या खोलीतून किंचाळल्या, “अगं, उद्या पाणी नाहीये! आणि तुझं नाव टीव्हीवर काय करतंय?”

पट्टी सरकत होती. ‘उद्या सेक्टर पाच ते नऊमध्ये पाणी येणार नाही... चि. शिवांशला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा... अबोली सातपुते हिने समस्त तांडेल परिवाराची जाहीर माफी मागावी... उद्या सेक्टर पाच ते नऊमध्ये...’

“माफी? मी?” अबोली रिमोट घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. “चुकीचं लिहायचं त्यांनी, आणि माफी मी मागायची?”

“माग की! दोन अक्षरं तर आहेत!” वैजयंतीबाई म्हणाल्या. “त्यांची केबल आहे. उद्या माझ्या मालिका बंद केल्या तर?”

“आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व साडेआठला लागतं का?”

सोमवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. अबोलीनं भांडणाच्या तयारीनं दार उघडलं. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. पण समोर सत्तरीच्या पुढचे एक म्हातारबुवा होते. लिफ्ट बंद असल्यामुळे तीन मजले चढून आलेले, एका डोळ्यावर पांढुरकं पडलेलं, काखेत प्लास्टिकची पिशवी.

“मी नामदेव तांडेल,” ते धापा टाकत म्हणाले. “हरेशचा चुलता. पोरी, बाकी कोनाचा नाव ठेव नायतं काड. माजा तेवडा राऊ दे.”

अबोलीला यादी पाठ होती. “नामदेव (काका), निमंत्रक, एकोणिसावे,” ती ताडकन म्हणाली. “संदर्भ आहे?”

“ह्ये चॅनेल मी काडला.”

अबोलीनं खुर्ची पुढं केली. आतून वैजयंतीबाईंनी पाणी आणून दिलं. नामदेवकाका बसले आणि सांगू लागले. शहाण्णव साल. गावठाणात त्यांच्या छपरावर डिशची पहिली छत्री लागली. बावीस माडांवरून त्यांनी स्वतः चढून तार ओढली. यंत्र ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपावर ठेवलं. त्याला वाफ लागू नये म्हणून त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, दोन वर्षं शेजारणीच्या चुलीवर भात शिजवला. पहिला कार्यक्रम होता गावदेवीची जत्रा. पुढं काकांचे डोळे अधू झाले, साखर वाढली आणि कारभार पुतण्याकडे गेला.

“ते ठीक हाय,” काका म्हणाले. “मना काय नको. पन माजी नात शालेत बोलली, आमचे आजानं चॅनेल काडला. तं बाईनी फोनमदी बगला, तुमचे त्या ज्ञानकोशात. बोलल्या, नाय, हरेशशेठनं काडला. वर्ग हसला. पोर घरा येऊन मना इचारते, आजा, तू खोटा बोलतंस?”

अबोलीच्या कानांचा रंग पुन्हा बदलायला लागला. पण आता राग कुणावर काढायचा ते तिला कळेना. हरेशशेठवर तर होताच. स्वतःवरही होता. आणि खरं सांगायचं तर थोडा नामदेवकाकांवरही!

“काका, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत एकदा तरी पेपरात छापून आणायचं ना! चार ओळी!”

“छापलाय की!” काकांनी पिशवीतून एक पिवळी पडलेली पत्रिका काढली. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची, सत्त्याण्णव सालची. खाली स्वच्छ छापलेलं: ‘आपला नम्र, नामदेव तांडेल (संस्थापक, खाडीदर्शन केबल)’.

“हे चालणार नाही. ही तुम्हीच छापलीत.”

“मंग? पत्रिकेवर कोन खोटा छापल? बाराशे पत्रिका वाटल्या. ऐरोली, दिवा, घनसोली, गोठिवली. आमची मानसं पत्रिका भिंग लावून वाचतात! खोटा असता तं एकानं तरी मांडवात इचारला असता ना?”

अबोलीनं पत्रिका उजेडात धरली. शास्त्रज्ञ आपला शोधनिबंध दोन-तीन तज्ज्ञांना दाखवतात आणि छापतात. इथं बाराशे घरांनी, तेही वैर धरून, भिंग लावून तपासलेला कागद होता! त्यात एकाचीही हरकत नाही!

तिनं त्याच संध्याकाळी ज्ञानकोशाच्या प्रचालक राजेश्वरीताईंना लिहिलं. राजेश्वरीताईंना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. काय ठेवायचं आणि काय वगळायचं याचा शेवटचा शब्द त्यांचा असे आणि तो कधीच लांब नसे. अबोलीनं पानभर युक्तिवाद केला. उत्तर आलं: ‘नमस्कार. पत्रिका ग्राह्य नाही. पाहुणे हे समीक्षक नसतात. धन्यवाद.’

“बाई आहे की रबरी शिक्का!” अबोली लॅपटॉपवर ओरडली. आणि मग तिला आठवलं, की आजवर एकशे अकरा नोंदींत लोकांना ती हेच उत्तर देत आली होती. त्यामुळे राग आणखी वाढला.

बुधवारी सकाळी कामाला निघाली तर नाक्यावर फ्लेक्स! तीस फूट लांब. काळा चष्मा घातलेले हरेशशेठ कानाला फोन लावून आकाशाकडे बघताहेत आणि खाली ‘खाडीदर्शन वाहिनीचे एकमेव संस्थापक!’ चष्म्याच्या काचेत वाहिनीचं बोधचिन्ह, गळ्यात बोटाएवढी साखळी. दुपारपर्यंत त्या फ्लेक्सचा फोटो ज्ञानकोशात संदर्भ क्रमांक एक म्हणून जोडला गेला. संध्याकाळी ऐरोली सर्कलला दुसरा फ्लेक्स लागला, ‘एकमेव संस्थापक म्हणून मान्यता मिळाल्याबद्दल अभिनंदन!’ तो झाला संदर्भ क्रमांक दोन!

प्रयोगशाळेत त्या दिवशी अबोलीच्या हातून दोन काचनळ्या फुटल्या. तिच्या नोकरीतली ही पहिलीच फोडाफोड. तिनं राजेश्वरीताईंना तीन उद्गारचिन्हांसकट लिहिलं. उत्तर आलं: ‘नमस्कार. फलक ग्राह्य नाही. नोंदीस एकही स्वतंत्र संदर्भ नसल्याने येत्या सोमवारी संपूर्ण नोंद वगळण्यात येईल. धन्यवाद.’

हे झालं भलतंच! नोंद गेली तर शाळेतल्या बाईंना फोनमध्ये काय दिसणार? हरेशशेठचा फ्लेक्स! आणि नामदेवकाका नातीच्या लेखी कायमचे खोटारडे. हातात उरले होते पाच दिवस.

तेवढ्यात फोन आला.

“मॅडम, हरेश तांडेल बोलतोय. तिकडं लपून काय कळा दाबताय? दम हाय तं समोर या. रविवारी पाच वाजता, आमच्या स्टुडिओत. लाइव्ह!”

“येते!” अबोली म्हणाली. “आणि फक्त तीन प्रश्न विचारणार.”

“तीन कशाला, तीनशे इचारा!”

तिनं ‘दैनिक नगरजागर’च्या भगवान नावाच्या बातमीदारालाही कळवलं. हे तालुक्याचं पत्र, पण रोज छापलं जाणारं. भगवान म्हणाला, “बघतो. रविवारी पाचला एका नगरसेवकाकडे सत्यनारायण आहे. प्रसाद चांगला असतो.”

रविवार उजाडला. अबोलीनं प्रश्न लिहून पाठ केले, आवाज चढवायचा नाही असं आरशासमोर तीनदा बजावलं आणि स्टुडिओ गाठला. हार्डवेअरच्या दुकानावर दुसरा मजला. दार उघडून पाहते तर आत हळदीसारखी गर्दी! प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, चहा फिरतोय, नेसून-सावरून बायका बसल्यात. यादीतल्या त्रेसष्टपैकी सत्तेचाळीस जण जातीनं हजर! कुणाच्या हातात जुन्या पत्रिका, कुणाच्या हातात आधार कार्ड.

“हे सगळे कशाला?” अबोलीनं विचारलं.

“आज नावांची यादी फायनल व्हनार ना?” गोजराआत्या नावाच्या एक उंचापुऱ्या बाई म्हणाल्या. “तूच ती काय नावं काडनारी? ये बस हितं. माजा नाव पोरांचे खाली कशाला टाकला? मी काय मेलीय?”

“आत्या, मी एकही नाव घालणार नाहीये.”

“बगा! बगा! माज्या तोंडावर बोलते!”

तेवढ्यात कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. मागे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा मोठा छापील पडदा, पुढे हरेशशेठ. चष्मा काळाच. खोलीतही.

“पहिला प्रश्न,” अबोली शांतपणे म्हणाली. “खाडीदर्शन कोणत्या साली सुरू झालं?”

“नव्वदच्या दशकात.”

“दशक नको. साल?”

“दशकात सगली सालं येतात मॅडम.”

“शहाण्णव!” मागून कुणीतरी ओरडलं.

“ठीक. दुसरा प्रश्न. तुमचा जन्म कधीचा?”

“अठ्ठ्याऐंशी. फ्लेक्सवर छापलेला असतो दरवर्षी.”

“म्हणजे वाहिनी काढली तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात?”

 हरेशशेठनी चष्मा वर सरकवला.

“नेतृत्वगुन लहानपनापासून होते,” ते म्हणाले.

अबोलीच्या डोक्यात काहीतरी फुटलं. पाणी शंभर अंशाला उकळतं. अबोलीचा बिंदू त्याच्या जरा अलीकडे असावा. “आठ वर्षांचा मुलगा बावीस माडांवर चढला? तार ओढली?” तिचा आवाज टिपेला गेला. “लाज वाटत नाही? ज्या माणसानं हे उभं केलं त्याला एकोणिसाव्या नंबरवर कंसात टाकलंत? कंसात!”

“एकोनीस तरी हाय!” गोजराआत्यांनी माइक हिसकावला. “माजा नंबर एकेचालीस! माज्या लग्नाची हलदी याच मशीनवर दावली, अन मी एकेचालीस?”

“तुज्या घरच्यांनी छत्रीला जागा दिली का?” मधल्या घरातून आवाज.

“जागेचा काय काडतंस? तुज्या बापानं तार तोडली होती!”

मग काय विचारता! थोरलं घर उठलं, मधलं घर उठलं, धाकट्या घराला जागाच उरली नाही म्हणून ते खुर्च्यांवर चढलं. कुणी कुणाची पत्रिका फाडली, कुणाच्या शर्टावर चहा गेला. रोहित पक्ष्यांचा पडदा सुटला आणि अलगद हरेशशेठच्या अंगावर आला. पडद्याआडून “कट! कट!” असा आवाज यायला लागला. आणि या सगळ्यात आपली अबोली, जिनं आवाज चढवायचा नाही असं आरशाला सांगितलं होतं, ती खुर्चीवर उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती, “गप्प बसा! सगळे गप्प बसा! त्रेसष्टच्या त्रेसष्ट! तुमच्यापैकी एकालाही संदर्भ नाही!”

हे सगळं ऐरोलीतल्या घराघरांत थेट दिसत होतं. वैजयंतीबाईंना साडेआठच्या मालिकेआधीच पडद्यावर आपली मुलगी दिसत होती.

“बंद करा! लाइव्ह बंद करा!” हरेशशेठ पडद्यातून बाहेर आले. त्यांनी कॅमेऱ्याची बटणं दाबली. लाल दिवा तसाच. रिमोट दाबला. आवाज वाढला! ऑपरेटर दोन आत्यांच्या मध्ये अडकला होता. हरेशशेठनी एक वायर उपटली. ती पंख्याची निघाली.

“बंद कसं करायचं ते सांगा ना! संस्थापक ना तुम्ही?” अबोली खुर्चीवरून गरजली. “मेन स्विच कुठंय? हा माझा तिसरा प्रश्न!”

हरेशशेठ चारी दिशांना बघायला लागले.

मागच्या रांगेतून नामदेवकाका उठले. सावकाश, भिंतीला हात लावत, ते कोपऱ्यातल्या कपाटापर्यंत गेले. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसरा अर्धा. पण कपाटामागच्या फटीत हात घालताना त्यांनी बघितलंही नाही. खट्!

दिवा विझला. पंखा थांबला, म्हणजे जो चालू होता तो. सगळी खोली चिडीचूप झाली.

“थोरले मशीनचा खटका हितं हाय,” काका म्हणाले. “मीच बसवलाय. पोरांचा हात लागू नये म्हनून मागं.”

गोजराआत्यांनीसुद्धा पदर सावरला. आणि त्या शांततेत अबोलीचा आवाज आला, “काका, अजून दोनदा करून दाखवाल? एकदाचं ग्राह्य नसतं.”

काकांनी करून दाखवलं. चालू, बंद. चालू, बंद. तिन्ही वेळा हात पहिल्या फटक्यात जागेवर! हरेशशेठ शेवटपर्यंत वायरी मोजत होते.

दाराशी एक माणूस वहीत भराभरा लिहीत होता. ‘नगरजागर’चं कार्यालय त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होतं, आणि आवाज थेट तिथपर्यंत गेला होता. सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन कार्यालयात आलेल्या भगवाननं तो अर्धा टाकून दिला होता. म्हणजे बातमी मोठी होती.

सोमवारी सकाळी पान तीनवर चार स्तंभी मथळा: ‘ज्ञानकोशातील नोंदीवरून वाहिनीत राडा, संस्थापकाने वीज बंद करून मिटवला वाद’. आत स्वच्छ लिहिलेलं, ‘१९९६ मध्ये ही वाहिनी सुरू करणारे संस्थापक नामदेव तांडेल (७१)...’

अबोली पेपर घेऊन नाचायचीच बाकी राहिली. ज्ञानकोशात संदर्भ जोडला. राजेश्वरीताईंचं उत्तर साडेअकराला आलं: ‘नमस्कार. स्वतंत्र व मुद्रित. नोंद राहील. धन्यवाद.’ त्रेसष्ट नावं गेली, फ्लेक्स गेले, पिहू-स्वरा गेल्या. उरली तीन वाक्यं. वाहिनी कुठली, संस्थापक कोण, आणि रविवारी वाद झाला. तिन्हींना संदर्भ. अशी नोंद अबोलीनं आयुष्यात पाहिली नव्हती!

दुपारी बघते तर तिथं चौथं वाक्य.

‘या वेळी अबोली सातपुते (वय ३४) यांनी खुर्चीवर उभे राहून उपस्थितांना दरडावले.’ घालणारे: हरेशशेठ. संदर्भ: दैनिक नगरजागर, पान तीन.

“चौतीस?” अबोलीचा आवाज प्रयोगशाळेच्या तिन्ही खोल्यांत गेला. तिनं वाक्य उडवलं. पाच मिनिटांत राजेश्वरीताईंनी परत ठेवलं: ‘नमस्कार. संदर्भ असलेला मजकूर काढू नये. तसेच स्वतःविषयीचा मजकूर स्वतः बदलू नये. धन्यवाद.’

तिनं भगवानला फोन लावला. “माझं वय कुठून आणलंत तुम्ही?”

“अंदाजानं, मॅडम.”

“कशावरून?”

“तुम्ही ज्या पद्धतीनं दरडावत होता ना, त्यावरून.”

“मी सव्वीस वर्षांची आहे! उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा!”

“छापू की,” भगवान म्हणाला. “पण मग दोन छापाव्या लागतील. हरेशशेठ सकाळपासून मागे लागलेत, संस्थापकाची पण दुरुस्ती करा म्हणून. साहेब म्हणतात, छापायच्या तर दोघांच्या, नाहीतर कुणाचीच नाही.”

“पण संस्थापक तर खरंच नामदेवकाका आहेत! तुमच्याकडे पुरावा असेल ना?”

“पुरावा कसला? खटका त्यांना माहीत होता. तोही अंदाजच.” मग त्यानं घाईघाईनं विचारलं, “बोला, काय करू? अंक पाचला छपाईला जातो.”

पावणेपाच वाजले होते. अबोली फोन हातात धरून उभी राहिली. आयुष्यात तिनं चुकीचा आकडा कधी तसाच सोडला नव्हता. दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडासुद्धा नाही! राग असा, की समोरच्या चंचुपात्रातलं पाणी तापवायला गॅसची गरज पडू नये.

“राहू द्या,” ती दात आवळून म्हणाली. “कुणाचीच नको.”

संध्याकाळी नामदेवकाकांचा फोन आला. मागे एक लहान मुलगी किंचाळत होती आणि सखूबाई तिला गप्प करत होत्या.

“पोरी, बाईनी आज वर्गात वाचून दाकवला! आमची पोर घरभर उड्या मारते. बोलते, आजा, तू खरा हायस!” काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी नाक ओढलं. “आनि तुजा पन नाव हाय बग त्याच्यात. चौतीसची हायस तू? दिसत नाय हां, अजिबात दिसत नाय!”

अबोलीनं आभार मानले. दुसरं काय करणार?

फोन ठेवते तो वैजयंतीबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. त्यांनाही कुणीतरी शेजारणीनं फोनमध्ये दाखवलं होतं. “चौतीस? माझ्या मुलीचं वय अख्ख्या जगासमोर आठ वर्षांनी वाढवलं, आणि तू गप्प बसलीस? त्या राजेश्वरीला मी सांगते! तुझ्या जन्माच्या वेळी मी तिथं होते!”

“आई, तू चालणार नाहीस,” अबोली मान खाली घालून म्हणाली. “तू स्वतंत्र स्रोत नाहीस.”

वैजयंतीबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांना एक व्यावहारिक शंका आली.

“मग पुढच्या वाढदिवसाला किती पूर्ण होतील?”

“चौतीसच,” अबोली म्हणाली. “नवीन बातमी येईपर्यंत.”